हुआंगशानचा हिरवा चहा

चीन देशाच्या पूर्व भागात आन्हुई नावाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिणेस हुआंगशान पर्वताचे उभे कडे पसरले आहेत. त्यांतील सर्वांत उंच शिखर १८६४ मीटर उंच असून त्यास कमलशिखर असे म्हणतात. वर्षातील कितीतरी दिवस हे कडे धुक्यात बुडालेले असतात. ऊन येते तेही धुक्यातून गाळून! अशा सौम्य प्रकाशात चहाचा कोंब सावकाश वाढतो आणि कोवळा राहतो. येथील उतारांवर व दऱ्यांत पिकणाऱ्या हिरव्या चहास 'माओफंग' असे नाव आहे. 'माओ' म्हणजे लव आणि 'फंग' म्हणजे शिखर. कोंबावर खरोखरच पांढरी मऊ लव असते.

एप्रिलच्या आरंभी चिनी लोकांचा छिंगमिंग हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण येतो. त्याच सुमारास खुडणी सुरू होते. उत्तम प्रतीच्या चहासाठी एक कोंब व त्यालगतचे नुकते उमलू लागलेले एकच पान, एवढेच खुडतात. एक किलो तयार चहास चार-पाच किलो ओली पाने लागतात. तेव्हा एका लहानशा डब्यासाठी किती हजार वेळा हात झाडाकडे गेला असेल! चार दिवस चुकले, की पाने राठ होतात आणि चहाची प्रत उतरते. म्हणून या दिवसांत खुडणाऱ्यांस उसंत अशी मिळत नाही.

खरी परीक्षा पुढेच असते. खुडलेले पान तसेच ठेवले, तर पानातील विकरे व हवेतील प्राणवायू यांच्या योगाने ते हळूहळू तांबूस पडते. म्हणून त्याच दिवशी पाने तापलेल्या लोखंडी कढईत टाकून हातांनी भराभर वरखाली करतात. उष्णतेने विकरे निष्क्रिय होतात व हिरवा रंग टिकतो. आच कमी पडली, तर पाने लाल होतात. अधिक झाली, तर करपतात. कढईपाशी उभ्या असलेल्या कारागिराचे क्षणभर दुर्लक्ष झाले, की दिवसभराची खुडणी मातीमोल होते. पुढे पाने हलकेच वळून, बांबूच्या टोपल्यांत पसरून कोळशाच्या मंद आचेवर वाळवतात. तयार पान चिमणीच्या जिभेसारखे दिसते, असे तेथील लोक म्हणतात.

आपल्याकडे घरोघरी उकळतो तो काळा चहाही याच जातीच्या झाडाचा. त्याच्या पानांत तो बदल मुद्दाम घडू देतात, इतकेच. युरोपातील विद्वानांना हे दीर्घकाळ ठाऊक नव्हते. लिनियस या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६२ साली दोन्ही चहांची झाडे भिन्न मानून त्यांना दोन नावे दिली. पुढे १८४३ पासून रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ चीनमधील मळ्यांतून हिंडला, तेव्हा फरक झाडात नसून करणीत आहे, असे त्याने दाखवून दिले. मळेकऱ्यांना मात्र हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

माओफंग चहा उकळत नाहीत. उकळी निवलेल्या पाण्यात चिमूटभर पाने टाकून ठेवतात. दूध नाही, साखर नाही. थोड्या वेळाने वाळलेला कोंब पाण्यात उलगडतो आणि झाडावर होता तसा, एका पानासह, दिसू लागतो.