म्हातारपणची झोप

"म्हातारपणी झोप उडायचीच," हे बोलणे आपल्या कोल्हापूर भागातील खेड्यापाड्यांत घरोघर ऐकू येते. ते अर्धे खरे व अर्धे खोटे आहे. आणि खोट्या अर्ध्यापायी पुष्कळ वृद्ध विनाकारण हाल सोसतात. म्हणून या धड्यात आपण त्याचा विचार करू.

खरे एवढेच की, वय वाढले म्हणजे गाढ झोपेचा भाग कमी होतो, झोप वरचेवर मोडते, संध्याकाळी लवकर पेंग येते व पहाटे लवकर जाग येते. खोटे हे की, वृद्धांस थोडीच झोप पुरते. पासष्टीपुढेही रात्री ७ ते ८ तास झोप असावी, असे वैद्यशास्त्र सांगते. ती न मिळाल्यास विसर पडतो, चीड वाढते व तोल जातो.

आमच्या परिचयाच्या एका आजीबाई रात्र सरत नाही म्हणून शेजारघरची झोपेची गोळी घेऊ लागल्या. एके रात्री लघवीस उठल्या, त्या उंबऱ्यास अडखळून पडल्या व खुब्याचे हाड मोडले. मागाहून विचारपूस करता कळले की, त्या दुपारी दोन तास निजत, दिवेलागणीनंतर दोनदा चहा घेत व अंथरुणावर जाण्यापूर्वी मिश्री लावीत. गोळीपूर्वी या सवयींकडे आम्हांपैकी कोणी पाहिले असते तर! मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती मेंदूस जागे ठेवते. चहाचा अंमलही सुमारे पाच तासांनी अर्धाच उतरतो.

घरी पाळावयाचे नियम:

१. उठण्याची वेळ रोज एकच असावी. सकाळी अर्धा तास अंगणात उजेडात बसावे, झेपेल तितके चालावे. उजेडानेच शरीराचे घड्याळ लागते.

२. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची, तीही तीनच्या आत.

३. दुपारनंतर चहा नको. मिश्री तर सोडावीच.

४. रात्री हलके जेवावे. पाणी दिवसा पुरेसे प्यावे, निजतेवेळी बेताने.

५. वीसेक मिनिटांत झोप न आल्यास उठून मंद दिव्यापाशी शांत बसावे. पेंग आली म्हणजे पुन्हा पडावे.

६. अंथरुणापासून मोरीपर्यंतची वाट मोकळी ठेवून लहान दिवा लावावा.

घरच्या तरुणांनीही आपला वाटा उचलावा. रात्री वृद्धांच्या उशाशी टीव्ही चालू ठेवू नये. शेतीची वीज रात्रीच्या पाळीस आली म्हणजे उसाला पाणी पाजण्यास म्हाताऱ्यास धाडू नये.

परंतु मोठ्याने घोरताना श्वास थांबणे, निजल्यावर धाप लागणे, पायांची तळमळ, वारंवार लघवी, किंवा मनाची सततची खिन्नता, ही दुखण्याची लक्षणे होत. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथून गरजेप्रमाणे कोल्हापुरास छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात जाता येते. वृद्धांच्या आरोग्यासाठी सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ सालापासून आहे. झोपेची गोळी डॉक्टरांवाचून घेऊ नये, आणि पुष्कळ दिवस चालू असलेली एकाएकी बंदही करू नये.

उपदेशक बंधूंनी घरभेटीच्या वेळी हा धडा वाचून दाखवावा व विचारावे:

१. आपल्या घरचे वृद्ध रात्री किती वेळा उठतात?
२. त्यांचा शेवटचा चहा केव्हा होतो?
३. त्यांच्या वाटेवर दिवा आहे काय?