केळी सल्ला : मुनवं हिरवं दिसतंय म्हणून ठेवू नका



हरण्या (सीएमव्ही) आलेलं झाड काढताना बरेच सभासद विचारतात, "मोठं झाड काढतो, पण बाजूचं मुनवं हिरवंगार आहे. ते ठेवलं तर चालेल का?" उत्तर आहे, नाही. कारण समजून घ्या.

बियाण्याशिवाय, एकाच झाडाच्या भागापासून तयार झालेलं त्याच गुणांचं झाड म्हणजे क्लोन. केळीत क्लोन दोन तऱ्हेने राहतात.

*१) सुटा क्लोन :* टिश्यू कल्चरचं रोप. ग्रँड नैनची सगळी रोपं गुणांनी सारखी, पण प्रत्येकाचा कंद वेगळा, मुळं वेगळी. एका झाडाचा विषाणू शेजारच्या झाडात आपोआप जात नाही. त्याला मावा लागतो.

*२) क्लोनची वसाहत :* मोठं झाड आणि त्याची मुनवी. वर तीन-चार खोडं दिसतात, पण खाली कंद जोडलेला असतो. लहान मुनवं मोठ्या झाडाच्याच अन्नावर वाढतं. त्याच वाटेने विषाणूही येतो. पानावर पिवळे पट्टे दिसत नसले तरी रोग आत असू शकतो.

बांधावरची हरळी आठवा. वर शंभर शेंडे, खाली एकच जाळं. वरून कापली तर संपते का? केळीचंही तसंच आहे.

आणि असं मुनवं कापून नांग्या भरायला लावलं, तर ते सुटं होतं, पण रोग सोबत घेऊन जातं.

*म्हणून काय करायचं :*
• आधी मावा बघा. असेल तर शिफारशीतलं कीटकनाशक फवारा, मगच झाड काढा. नाहीतर मावा उडून दुसऱ्या झाडावर बसतो.
• झाड नुसतं कापू नका. कंद आणि सगळ्या मुनव्यांसकट उपटा.
• बांधावर टाकू नका. लांब नेऊन खोल पुरा.
• त्या बुंध्याचं एकही मुनवं लागवडीला वापरू नका, कोणाला देऊ नका.
• बागेत किंवा शेजारी काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची नको. हा विषाणू त्यांच्यावरही राहतो.

*एक लक्षात ठेवा :* सुटे क्लोन म्हणजे पूर्ण सुरक्षित असं नाही. गुण सारखे, तशी कमजोरीही सारखी. मध्य अमेरिकेत ग्रोस मिशेल या एकाच जातीच्या बागा होत्या. पनामा मर रोगाने त्या इतक्या बसल्या, की १९६० च्या आसपास तिथल्या व्यापाराला कॅव्हेंडिश गटाकडे वळावं लागलं. आपली ग्रँड नैन त्याच गटातली आहे. म्हणून पहिलं रोगट झाड दिसलं, की त्याच दिवशी काढा.

संशय असेल तर पानाचा, पोंग्याचा आणि मुनव्यांसकट बुंध्याचा असे तीन फोटो ग्रुपवर टाका. बघून सांगतो.