खाते क्रमांक ही संख्या नव्हे! एक्सेलमध्ये माहिती भरताना



गेल्या वर्षी माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलीची आजी शाळेत आली. "बाई, समद्या पोरींचं शिष्यवृत्तीचं पैसं जमा झालं, आमच्याच नातीचं कसं न्हाई?" मी एक्सेलची यादी उघडली, आजींनी पिशवीतून पासबुक काढलं. एकेक अंक जुळवत गेलो. पंधरा जुळले. सोळावा पासबुकात ७ आणि माझ्या यादीत ०. यादी मीच भरलेली! बाकीच्या मुलींची खाती दुसऱ्या बँकेत, ११ अंकी, म्हणून ती वाचली.

मग शोधलं तेव्हा कळलं. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच साठवतं. पुढच्या अंकांचं शून्य करून टाकतं, तेही न सांगता. भरताना सेलमध्ये ४.००१२३ई+१५ असं काहीतरी दिसलं होतं. मी फॉरमॅट 'नंबर' केला, सोळाच्या सोळा अंक दिसले आणि मी निश्चिंत झाले. पण ७ तर एंटर दाबलं तेव्हाच गेला होता.

सेलमध्ये साठवलेली किंमत वेगळी आणि दिसणारं रूप वेगळं, हे इथे लक्षात घ्यायचं. सरासरी ३९.६ असेल आणि दशांश स्थळं शून्य केली, तर दिसतात ४०, आत मात्र ३९.६ च असतात. १५ जून २०१५ ही जन्मतारीख आत ४२१७० अशी साठवलेली असते. फॉरमॅट बदलून रूप बदलतं, गेलेला अंक परत येत नाही.

मग ठरवायचं कसं? स्वतःला विचारा, याची बेरीज करण्यात काही अर्थ आहे का? गुण, वजन, उंची, हजेरीचे दिवस या संख्या. आधार, मोबाइल, खाते क्रमांक, यूडायस कोड ही अंकांत लिहिलेली नावंच. दोन मुलांचे आधार क्रमांक मिळवून काय हाती लागणार! असा कॉलम भरण्याआधीच सिलेक्ट करून 'टेक्स्ट' करा. सुरुवातीची शून्यंही टिकतात. अ‍ॅक्सेससारख्या डेटाबेसमध्ये टेबल बनवतानाच फील्डचा प्रकार विचारतात, तिथे 'शॉर्ट टेक्स्ट' निवडा.

उलटी चूकही होते. गुण टेक्स्ट म्हणून भरले गेले की सम फॉर्म्युला ० दाखवतो आणि क्रम लावला तर १, १०, ११, २ असा लागतो. टेक्स्ट डावीकडे चिकटतं, संख्या उजवीकडे, त्यावरून ओळखता येतं. (आपण सगळं मध्यभागी आणतो, मग ही खूणही जाते.)

सीएसव्ही फाइल मागितली असेल तर जास्त जपा. आधार १२ अंकीच, त्यामुळे सेलमध्ये तो पूर्ण असतो. पण तो ई+११ असा दिसत असताना सीएसव्ही केली, तर फाइलमध्ये दिसतं तेवढंच उतरतं. आणि नीट बनवलेली सीएसव्हीसुद्धा डबल क्लिक करून उघडली की टेक्स्टची पुन्हा संख्या होते, सुरुवातीची शून्यं जातात. म्हणून ती 'डेटा' टॅबमधून आणा आणि तो कॉलम टेक्स्ट ठेवा.

त्या मुलीचे पैसे दुरुस्ती पाठवल्यावर आले, पण दोन महिने उशिरा. आता यादी झाली की मी पालकांना बोलावते. ते पासबुकातून अंक वाचतात, मी स्क्रीनवर बोट ठेवून बघते. पहिल्या दिवशी आजीच आधी आल्या होत्या, चष्मा घेऊन.