स्तनातील गाठीची सुई-तपासणी

2017 साली पैनगंगेपलीकडे विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हा बोंडे बाहेरून हिरवीगार होती. फोडली तेव्हाच आतली अळी दिसली. स्तनातील गाठीचेही असेच आहे. चाचपून किंवा फोटोवरून नुसता संशय येतो. गाठ साधी की कर्करोगाची, हे तिचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरते. यालाच बायोप्सी म्हणतात. बऱ्याच गाठी साध्याच निघतात.

आमच्या बेला भागातील भगिनी म्हणतात, "वेचणी उरकू दे, मग पाहू." वेचणी तर माघापर्यंत लांबते! सुई लावली की रोग अंगभर पसरतो, ही भीतीही आम्ही ऐकतो. ती समजूत चुकीची आहे.

बहुधा ही तपासणी सोनोग्राफीवर होते. उपाशी राहावे लागत नाही. पुढे बटणे असलेला ब्लाउज घालावा. पाठीवर निजवून हात डोक्यामागे घ्यायला लावतात, गार जेल लावतात आणि पडद्यावर गाठ शोधतात. मग बधिरतेचे इंजेक्शन. ते टोचताना क्षणभर आग होते. पुढे दाब जाणवतो, दुखणे फारसे नाही. बारीक चीर देऊन पोकळ सुई घालतात. कण घेताना 'खट्' असा आवाज होतो. बायका दचकतात त्या यानेच, म्हणून तो आधी ऐकवायला सांगावे. शेवईच्या तुकड्यांसारखे चार-पाच कण काढतात, जागा काही मिनिटे दाबून धरतात व पट्टी बांधतात. टाके बहुधा लागत नाहीत. त्याच दिवशी घरी येता येते.

हाताला न लागणारे चुन्यासारखे ठिपके असतील, तर मॅमोग्राफीच्या यंत्रात स्तन दाबून धरून हेच करतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. गोळ्या मनानेच बंद करू नयेत.

नंतर एक-दोन दिवस पाण्याची घागर, कापसाचे गाठोडे उचलू नये. जागा काळीनिळी पडते, ती आपोआप निवळते. लेप, हळद काही लावू नये. ताप, पू किंवा न थांबणारे रक्त दिसल्यास लगेच परत जावे.

अहवालाला काही दिवस लागतात. तो फोटोशी जुळला नाही, तर डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतात. त्याने घाबरू नये. आधी आदिलाबादच्या रिम्समध्ये दाखवावे. पुढे हैदराबादचे एमएनजे किंवा नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. जाताना जुने फोटो आणि सर्व कागद बरोबर न्यावेत.