भांडण दोघांचं, ओझं मुलांवर नको



ताई-दादांनो, संसार मोडतात ते फक्त आजच नाही. आपल्या देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचं लग्न १९०८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या आक्कासाहेबांशी झालं. ते टिकलं नाही, राणीसाहेब कोल्हापूरला माहेरी परतल्या. १९२७ मध्ये युवराज विक्रमसिंहरावही वडिलांना सोडून देवासमधून निघून गेले. १९३७ मध्ये महाराज वारले ते घरापासून दूर, पाँडिचेरीत.

कोणाचं चुकलं हा न्याय आपण करायचा नाही. पण बघा, नवरा-बायकोचं नातं तुटलं तरी आई-बाप हे नातं तुटत नसतं. ते सांभाळावं लागतं.

या आठवड्याचा अभ्यास:
१. मुलांसमोर जोडीदाराची किंवा त्याच्या माहेर-सासरची निंदा नको.
२. निरोप मुलांच्या हाती पाठवू नका.
३. लेक रडत घरी आली तर आधी जेवू घाला, मग विचारा. मारहाण होत असेल तर "सहन कर" म्हणू नका. तिला घरात ठेवून घ्या.
४. कोणाच्या घरची गोष्ट ग्रुपवर टाकू नका.

रोज नामस्मरणाला बसताना स्वतःला एकच विचारा: आज माझ्या रागाचं ओझं कोणी उचललं?

॥ श्री गुरुचरणी अर्पण ॥