पात्याचे कवच

घडीचा चाकू ही दिसायला लहान, पण मोठ्या उपयोगाची वस्तू आहे. शेतकरी त्याने सुतळी कापतो, माळी कलम बांधताना फांदी छाटतो, प्रवासात फळ चिरण्यास तो उपयोगी पडतो. मात्र काम झाल्यावर हाच चाकू ओला तसाच मिटून ठेवला, तर काही दिवसांनी पाते सहज उघडत नाही. उघडलेच, तर त्यावर तांबूस ठिपके दिसतात. कठीण लाकूड छिलणारे पाते पाण्याच्या चार थेंबांपुढे हार खाते! असे का व्हावे?

पोलाद म्हणजे मुख्यतः लोखंडच. त्यात थोडा कार्बन मिसळलेला असतो. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली, की गंज तयार होतो. मिठाचा अंश असेल, तर ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणूनच कोकणच्या किनाऱ्यावर लोखंडी वस्तू लवकर गंजतात. गंज सच्छिद्र असल्यामुळे खालच्या लोखंडाचे रक्षण करीत नाही. उलट तो ओल धरून ठेवतो आणि हळूहळू आत शिरतो. आज दिसणारा ठिपका दुर्लक्षिला, तर उद्या तेथे खड्डा पडतो व धार जाते.

पात्यावरचा प्रत्येक डाग मात्र गंज नव्हे. साध्या पोलादाच्या चाकूने आवळा चिरला, की पाते काळे पडते. आवळ्यातील तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन हा रंग येतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करीत. तिचा काळेपणाही असाच उत्पन्न होई. पाते वेळीच धुतले, तर या काळसर डागाचे भय नाही. तांबडा गंज मात्र दिसताच काढला पाहिजे.

न गंजणाऱ्या पोलादाचाही शोध लागलेला आहे. इंग्लंडमधील शेफील्ड हे शहर चाकूसुऱ्यांसाठी प्रसिद्ध. तेथे हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून नव्या पोलादाचे प्रयोग करीत होते. १९१३ साली त्यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद तयार केले. ते आम्लांनाही दाद देत नाही, असे त्यांना आढळले. पुढे त्याच्या सुऱ्या होऊ लागल्या. या पोलादातील क्रोमियमचा प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा घट्ट पापुद्रा बनतो. ओरखडा उठला, तरी हवेत तो पुन्हा तयार होतो. तेच त्या पोलादाचे कवच! परंतु खारट ओल फार काळ राहिली, तर हे कवचही भेदले जाते. म्हणून स्टेनलेस पोलादाचीही निगा राखावीच लागते.

साध्या पोलादाला असे कवच उपजत नसते. ते माणसाने द्यावयाचे असते. त्याची रीत सोपी आहे. वडील माणसांच्या देखरेखीखाली चाकू पूर्ण उघडावा. पाते साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसावे. पुसताना फडके पात्याच्या पाठीकडून धरावे. धारेवरून बोट कधीही फिरवू नये. मुठीच्या खाचेत आणि पाते ज्या खिळ्याभोवती फिरते तेथे ओल दडून राहते. म्हणून चाकू काही वेळ उघडाच वाळू द्यावा. गंजाचा ठिपका असेल, तर ओल्या फडक्यावर चाळलेली राख घेऊन पात्याच्या लांबीच्या दिशेने हलकेच घासावे व पाते पुन्हा धुऊन वाळवावे. शेवटी खोबरेल तेलाचा एक थेंब पात्यावर पसरावा आणि एक थेंब खिळ्यापाशी सोडावा. तेलाचा हा पातळ थर पाणी व हवा यांना लोखंडापर्यंत पोहोचू देत नाही. तेल पुसले जाते, म्हणून ते वेळोवेळी पुन्हा लावावे. चामड्याच्या म्यानात चाकू फार दिवस ठेवू नये, कारण चामडे ओल शोषून घेते.

या साऱ्याला पाच मिनिटेही पुरतात. ती ज्याने रोज दिली, त्याचा चाकू नातवंडांच्याही हाती कामास येतो.

स्वाध्याय
१. गंज तयार होण्यास कोणत्या तीन गोष्टी लागतात?
२. आवळ्याचा डाग आणि गंज यांत कोणता फरक आहे?
३. क्रोमियमचा पापुद्रा व तेलाचा थर यांत साम्य कोणते?
४. ‘हार खाणे’ व ‘दाद न देणे’ हे वाक्प्रचार वाक्यांत योजा.