कर्जबाजारी शेतकरी आणि नादारीचा कायदा

लागोपाठ दोन वर्षे पीक बुडाले, घरात आजारपण आले, की कष्टाळू शेतकरीही कर्जात रुततो. एकाचे देणे भागविण्यासाठी दुसऱ्याकडून रक्कम काढावी व तिच्या व्याजासाठी तिसऱ्याचे दार ठोठवावे, असा क्रम सुरू झाला म्हणजे कष्ट वाढवूनही कर्ज फिटत नाही. अशा वेळी परागंदा होण्याचा किंवा जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा विचार मनात येतो. त्यापूर्वी कायद्याने ठेवलेली एक वाट माहीत असणे अगत्याचे आहे. ती वाट म्हणजे नादारी.

पूर्वपीठिका : १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्यास कर्जापायी कैदेत टाकणे बंद केले व नादारीचीही तरतूद केली. तो कायदा पुढे रद्द झाला. आज मुंबई शहराबाहेर १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम लागू आहे.

अर्ज कोणी करावा : ज्याचे देणे किमान ५०० रुपये असून ते फेडण्याची ऐपत उरलेली नाही, त्याने जिल्हा न्यायालयात किंवा अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायालयात अर्ज करावा. अर्जात प्रत्येक धनकोचे नाव व रक्कम, तसेच आपली सर्व मालमत्ता लिहावी लागते.

काय जाते, काय राहते : न्यायालयाने नादार ठरविले म्हणजे मालमत्ता न्यायालयाच्या अथवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. तिची विक्री होऊन पैसा धनकोंत वाटला जातो. परंतु अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, शेतकऱ्याचे राहते घर, शेतीची अवजारे आणि उपजीविकेस आवश्यक वाटतील तेवढी जनावरे व बियाणे जप्तीतून वगळलेली आहेत. पुढे ऋणमुक्तीचा हुकूम मिळाला, की उरलेल्या बहुतेक देण्यांतून सुटका होते. सरकारी देणे, दंड, पोटगी व फसवणुकीने केलेले देणे मात्र सुटत नाही. ऋणमुक्तीसाठी ठरलेल्या मुदतीत वेगळा अर्ज न केल्यास नादारी रद्द होते, हे विसरू नये.

गहाण आणि जामीन : येथेच पुष्कळांची गफलत होते. समजा, एका शेतकऱ्याने बँकेकडून जमीन गहाण ठेवून २ लाख रुपये घेतले आहेत; शिवाय दुकानदाराचे ६० हजार व हातउसने ४० हजार आहेत. नादारीमुळे शेवटच्या दोन देण्यांतून वाट निघेल. पण गहाण जमिनीवरील बँकेचा हक्क कायम राहील. तसेच कर्जदार मुक्त झाला तरी त्याचा जामीनदार मुक्त होत नाही. ज्याने शब्दाखातर सही केली, त्याच्या घरी वसुली जाईल याचा विचार आधीच करावा.

लपवालपवी नको : अर्जापूर्वी जमीन नातलगाच्या नावे फुकट करून देणे, किंवा एकाच सावकारास गुपचूप पैसे देणे धोक्याचे आहे. असे व्यवहार न्यायालय रद्द करू शकते, आणि मालमत्ता लपविणाऱ्यास कैदही होऊ शकते. मुक्ती मिळेपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये वा अधिक उधार घेणे हाही गुन्हा आहे.

आधी काय करावे : नादारी हा शेवटचा उपाय होय. प्रथम मुदत वाढवून घेण्याचा व तडजोडीचा प्रयत्न करावा. सावकार बिनपरवाना असल्यास २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते, व त्याने बेकायदा घेतलेली जमीन परत मिळू शकते.

कार्यकर्त्यांचे काम : गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कर्जदारासोबत बसून देण्याची यादी करावी व गहाण, बिनगहाण आणि जामिनाची देणी निरनिराळी मांडावी. यादी घेऊन त्यास तालुका विधी सेवा समितीकडे न्यावे. स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांस उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. नादारीचा शिक्का लागला म्हणून माणसाची पत कायमची जात नाही. अवजारे, बियाणे व राहते घर वाचले, तर पुढच्या मृगास तो पुन्हा पेरणीस उभा राहू शकतो.